शालूचा चष्मा

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी ज्येष्ठेचा मुखवटा कनिष्ठेच्या धडावर बसवला. ग्वाल्हेरहून झाशीत आलेली, बी.ए. झालेली, स्वतःला भारी शहाणी समजणारी सून! सासूबाईंनी विश्वासाने महालक्ष्म्या मांडायला सांगितल्या, आणि माझं सगळं लक्ष स्वतःच्या निऱ्यांकडे. दोन्ही पितळी चेहरे सारखेच. फरक एवढाच की ज्येष्ठेच्या हनुवटीला बारीकसा पोचा. तो भलत्याच बाजूला गेलाय हे कळलं, तोवर नैवेद्य दाखवून झाला होता.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या. झाशीत आम्ही मराठी घरं मूठभर, त्यामुळे एकमेकींना घट्ट धरून. पहिली म्हणाली, "चेहरा कसा खुललाय!" की शेवटच्या बाईपर्यंत सगळ्यांना तो खुललेला दिसायचा. मध्येच शालू बोलली. गल्लीतलीच लेक, माझ्या वयाची. "अहो काकू, मुखवटे बदललेत. पोचा तर ज्येष्ठेला होता ना?" झालं, एकेक सुरू झाली. छे गं, दरवर्षी असंच तर असतं. देवीत कसली खोट काढतेस! सासूबाई माझ्याकडे वळल्या, "सूनबाई, तू मांडल्यास, तूच सांग." आणि मी तोंड वर करून म्हणाले, "बरोबर आहेत की. उलट यंदा जास्तच प्रसन्न वाटताहेत." शालूने मुखवट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असेल," ती हळूच म्हणाली. "माझीच नजर अधू झाली असेल."

थोड्याच दिवसांत तिने चष्मा लावला. बायकांना केवढा आनंद! "बघा, आम्ही म्हटलं नव्हतं?" मी मात्र अडकले. एकदा बरोबर म्हटल्यावर पुढच्या वर्षी सरळ कसे करणार? तेव्हापासून आमच्याकडे पोचेवाली कनिष्ठाच. आता माझी सून तेच नातीला शिकवते, "आपल्या घरची पद्धत आहे." शालू लग्न होऊनही झाशीतच राहिली; दरवर्षी यायची, चष्मा सावरून म्हणायची, "छान खुललाय हं, वहिनी." मी घाईघाईने तिच्या हातात प्रसाद ठेवायचे. त्या पोरीला मी स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावलं की काय? लक्ष्मी ताल या तळ्याकाठच्या देवळात जाताना कितीदा ठरवलं, आज सांगायचं. दर वेळी कुणीतरी तिसरी भेटायची, आणि मी सुटल्यासारखी भाजीच्या भावावर बोलू लागायचे.

गेल्या महिन्यात तिच्या मुलाचा फोन आला, "काकू, आई गेली." मला रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता कुणाला सांगू?

काल तिची सून सीमा आली. इथलीच बुंदेली मुलगी, मराठी अडखळत पण हौसेने बोलते. "अम्मांची आठवण," म्हणत तिने तो चष्मा माझ्या हातात ठेवला. ती चहा करायला आत गेली तेव्हा मी माझा चष्मा काढून शालूचा लावला. समोरचं कॅलेंडर नुसत्या डोळ्यांना दिसतं तेवढंच धूसर. काढला, लावला, पुन्हा काढला... नुसती काच. नंबरच नव्हता.

सीमा कप घेऊन दारात उभी होती. हसली.

"काकू, अम्मांचे डोळे तर एकदम ठीक होते. मी विचारलं, मग चष्मा का? तर म्हणाल्या, ‘मी काढला तर वहिनीला स्वतःची चूक कबूल करावी लागेल. रहने दो बेचारी को.’"