खंडेनवमीची हार्ड डिस्क

अंधेरीच्या आमच्या औद्योगिक वसाहतीत सहदेव परबांचा भरतकामाचा गाळा आहे. शाळांचे, कबड्डी मंडळांचे बिल्ले ते यंत्रावर शिवतात. त्यांचे वडील कामाला होते ती गिरणी बंद पडली तेव्हा सहदेवकाकांनी साध्या शिलाई मशीनवर सुरुवात केली. आज प्रत्येक बिल्ल्याचं डिझाइन संगणकात आहे. एकेक टाका कुठून निघून कुठे बसेल, हे ठरवताना काकांचे डोळे अधू झाले. त्यांची आयुष्यभराची कमाई म्हणजे ती डिझाइन्स. शेजारच्या गाळ्यात मी सॉफ्टवेअरचं काम करते.

काका शिस्तीचे. रोज संध्याकाळी डिझाइन्सची प्रत हार्ड डिस्कवर घ्यायची आणि डिस्क डब्याच्या पिशवीतून घरी न्यायची. पण खंडेनवमीला कात्री, यंत्रं, संगणक आणि त्याला जोडलेली डिस्क, सगळ्यांना हळद-कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. संगणक रात्रभर चालूच, पडद्यावर देवीचा फोटो. मांडलेली पूजा दसऱ्याआधी हलवायची नाही, हा वडिलांपासूनचा नियम.

"काका, डिस्क तरी काढा," मी म्हटलं.

"एक दिवस गं मानसी. देवीच्या पुढ्यातून उचलू?"

दसऱ्याला सकाळी शटर उघडलं, तर देवीच्या जागी इंग्रजीत खंडणीची मागणी. डिझाइन्स कुलूपबंद. डिस्कवरचीही.

केतन आला. वसाहतीतले संगणक तोच सांभाळतो. घरबसल्या दुरुस्ती करता यावी म्हणून त्याने प्रत्येक संगणकात बाहेरून शिरायची वाट उघडी ठेवली होती. सगळीकडे पासवर्ड एकच, त्याचं स्वतःचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. मी एकदा हटकलं तेव्हा म्हणाला होता, "मॅडम, एवढ्याशा धंद्यात कोण घुसणार?"

आता तोंडातला गुटखा गालात सारत म्हणाला, "टेन्शन नको, काका. गेल्या आठवड्यात खालच्या छापखान्यातपण हेच झालं. मीच सांगितलं, बोंब मारू नका, गिऱ्हाईक पळेल. तुम्हीपण गप्प राहा ना."

चोराला तोंड नव्हतं. याला होतं, आणि ते आठवडाभर बंद होतं.

"गेल्या आठवड्यात?" काका म्हणाले. "आणि माझा पासवर्ड तोच ठेवलास?"

"सणाची गडबड होती." केतनने खिशातून आपट्याचं पान काढलं. "जाऊ द्या. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

काकांनी हात पुढे केला नाही. संगणकावरचा हार उचलला, वायर उपटली आणि दुसऱ्या बाजूच्या गाळ्याच्या शटरवर थाप मारली. "माझी वाट लागली रे राजेश. केतनचा पासवर्ड आत्ताच्या आत्ता बदल."

"काका, ऑर्डरी जातील तुमच्या," केतन मागून म्हणाला.

"जाऊ देत." काका पुढच्या शटरकडे निघाले होते.

ऑर्डरी गेल्याच. बाकीचे गाळे वाचले. काका आता जुने बिल्ले भिंगाखाली धरून टाका टाका पुन्हा संगणकात बसवतात. केतनची स्कूटर अजून छापखान्याबाहेर लागते. ती दिसली की माझ्या तोंडाची चव जाते. स्वस्तात पडतो, असं छापखानेवाले म्हणतात.