राखणदाराला हसवणारे काका

माझे चुलत सासरे, म्हणजे आमचे काका, सोडले तर राखणदाराला हसवायचा धंदा अख्ख्या गोव्यात दुसऱ्या कोणी केला नसेल. गावाच्या सीमेवर वडाखाली एक काळा दगड आहे. तिथे आमचा राखणदार, रात्रभर फिरून गावाची राखण करणारा देव, राहतो. लोक त्याला वर्षातून एकदा रोट, म्हणजे तांदळाची जाड भाकरी, आणि विडी देतात, हात जोडतात आणि मागे न बघता घरी येतात. काका मात्र दर रविवारी भर दुपारी बारा वाजता, ज्या वेळी गुरंसुद्धा त्या वाटेला जात नाहीत, तिथे जाऊन दगडासमोर मांडी घालून आपल्या विनोदी कविता वाचायचे.

काका पेडणे-डिचोली बसवर कंडक्टर होते. कविता तिकिटांच्या मागे लिहीत आणि मात्रा पॅसेंजर मोजावेत तशा मोजत. "ओळ म्हणजे बस गो. चौदा सीटा, चौदाच पॅसेंजर. एक जरी उबो रवलो तरी गाडी कलता." मी लग्न होऊन सावंतवाडीहून आले तेव्हा वांग्याच्या भाजीवर चार ओळी केल्या होत्या. धीर करून त्या काकांना वाचून दाखवल्या, तर तिसऱ्या ओळीला त्यांनी खिशातलं जुनं नाणं काढून खिडकीच्या गजावर एकदाच वाजवलं. एक टक म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. त्या दुपारी वांग्याची बस सात वेळा थांबली. आठव्यांदा दोन टक ऐकू आले तेव्हा मला पदवी मिळाल्यासारखं वाटलं.

माणसांच्या हसण्यावर काकांचा काडीचा विश्वास नव्हता. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या घोरण्यावर कविता म्हटली. मांडव गडगडून हसला, आणि काका घरी येऊन तोंड पाडून बसले. "जेवण बरां आसलां म्हणून हांसले," म्हणाले. पुढे पुतणे त्यांच्या कविता मोबाईलवर फिरवत. उत्तरादाखल हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागे. ती तोंडं ते चष्मा पुसून एकेक करून तपासत आणि म्हणत, "माणसां आदरान हांसतत गो. थंयचो, वडाखालचो, हांसलो काय खरां."

कारण तो एकदा हसला होता. काका तेव्हा पंचविशीचे. गंमत म्हणून दगडासमोर कविता वाचली, आणि वडामागून कोणीतरी पोट धरून हसलं. काका चपला तिथेच टाकून पळाले. आठ दिवसांनी चपला त्याच जागी सापडल्या. टाचा पार झिजलेल्या होत्या, तळव्यांना सीमेपलीकडची तांबडी माती. दुसरा कोणी असता तर पुन्हा तिकडे फिरकला नसता. काकांनी मात्र तेव्हापासून पन्नास वर्षं त्या दुसऱ्या हसण्याची वाट पाहिली. भीती नव्हती असं नाही. पण आपली कविता खरोखर विनोदी आहे का, हे सांगणारं दुसरं कोणी त्यांना भेटलंच नव्हतं.

गेल्या वर्षी ते अंथरुणाला खिळले. एके दिवशी उशाखालून तिकीट काढून माझ्या हातात दिलं. वर तीनच ओळी होत्या:

गावावर तुझा पहारा,
चोर तरी येती बारा;
तेरावा कोण ते सांग,

"चवथी जमना नाय गो. तू कर. आणि थंय वाचून ये. तो हांसलो तर माका सांग."

मला ओळ सुचेपर्यंत काका थांबले नाहीत. ते नाणं मी त्यांच्या मुठीत ठेवलं आणि त्यांच्याबरोबरच जाऊ दिलं. ओळ सुचली तेराव्याच्या जेवणाची भांडी घासताना. आतापर्यंत कशाला आडून बसली होतीस, म्हणून मला तिचा रागच आला.

पुढच्या रविवारी बारा वाजता रोट घेऊन मी दगडासमोर बसले. पाखरंसुद्धा गप्प होती. तीन ओळी वाचल्या आणि मग चौथी: "माझ्या चपलांत फिरणारा."

टक.

दगडावरच वाजलं, अगदी जवळ. अंगावर सर्रकन काटा आला. पण हात आपोआप बोटांवर मात्रा मोजू लागले. पंधरा. एक पॅसेंजर उभा होता. मी ओळ बदलून पुन्हा वाचलं: "माझ्या चपला नेणारा."

टक, टक.

आणि मला हसू फुटलं. मेल्यावरही मात्रा सोडत नाही हा माणूस! काका गेल्यापासून मी हसले नव्हते. डोळ्यांतून पाणी येईतो हसले. मग पदराने तोंड पुसलं आणि थांबले.

मी थांबले तरी वडामागे हसणं चालूच होतं.

पळाले नाही. ते पुरतं थांबेपर्यंत काकांसाठी बसून ऐकलं. मग रोट ठेवला, "काका, हांसलो हो," एवढंच म्हटलं आणि मागे न बघता अनवाणीच घरी आले. चपला मुद्दाम तिथेच ठेवल्या.