शिरोरेखा तुटली नाही

समोरच्या इमारतीतले ते गृहस्थ रोज सकाळी आमच्या सोसायटीच्या कुंपणावर पेपर पसरून उभ्याने वाचत. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. माझ्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"वॅक्स लावताय की श्रीखंड?"

मुलीला मी माझ्याच काळ्या गाडीतून कार्यालयात नेणार होतो. तिला शाळेत सोडलं तेही याच गाडीतून. पण दोनदा वॅक्स करूनही बॉनेटवर पांढरट पट्टे उरले होते. "बाबा, असल्या गाडीत मी बसणार नाही," असं ती सांगून गेली होती.

गृहस्थ आत आले. लेकराचा ताप पाहावा तसा त्यांनी बॉनेटला पालथा हात लावला.

"उन्हात लावलंत. पुसायच्या आत वाळून बसलं."

गाडी सावलीत घेतली. ती गार होईपर्यंत त्यांनी मला डबा उघडू दिला नाही. जुने पट्टे काढून मग एका वेळी वीतभर जागा, पोळीला तूप लावावं इतकाच पातळ हात, आणि पुसताना दर वेळी फडक्याची नवी घडी.

शेवटी त्यांनी पेपर बॉनेटवर धरला. बॉनेटच्या चकाकीत मथळा उलटा दिसत होता, पण त्याची शिरोरेखा या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही तुटली नव्हती.

"छापायला हरकत नाही," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मुलगी बॉनेटवर वाकली, त्यात पाहून तिने नथ सरळ केली आणि गाडीत जाऊन बसली.