तेयोने अडवलेला गोल

बार्रियालेस गावात मडकी भाजून झाली की ती भट्टीबाहेर काढायला माणसांची रांग लागायची. आतला माणूस कोमट मडकं पुढच्याकडे फेकायचा, तो त्याच्या पुढच्याकडे. एलेउतेरिओ बान्युएलोस, म्हणजे सगळ्यांचा तेयो, या रांगेत शेवटी असायचा, कारण त्याच्या हातून मडकं कधी पडत नसे. गावच्या फुटबॉल संघाचं नावच ‘कुंभार’. त्यांचा गोलकीपर लग्न करून बायकोच्या गावी राहायला गेला, तेव्हा लोकांनी तेयोला भट्टीवरून उचलून गोलमध्ये उभं केलं. पहिल्याच सामन्यात त्याने एक सणसणीत चेंडू छातीशी धरला आणि सवयीप्रमाणे दोन्ही हातांनी अलगद गवतावर टेकवून ठेवला. समोरच्या गड्याने तो तिथूनच आत ढकलला.

“अरे बाबा, तो फुटत नाही,” बचावातला एकजण म्हणाला. “ठेवू नकोस. लांब मार.”

एवढं एक शिकल्यावर मात्र तेयो बघता बघता तयार झाला. मोठ्या शहरातल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका क्लबाने त्याला नेलं. अडचण एकच होती. तिथल्या मुख्य गोलकीपरला कधी साधी सर्दीसुद्धा होत नसे. दर रविवारी तेयो हातमोजे चढवायचा आणि बाकावर बसायचा. ऐन उमेदीची वर्षं अशीच गेली.

“आज खेळलास का रे?” आई फोनवर विचारायची.

“नाही आई. आजही त्याची तब्येत ठणठणीत आहे.”

“मग देवळात मेणबत्ती लावू का?”

“कशासाठी?”

“ते तू सांगशील तसं,” आई आवाज खाली आणून म्हणायची.

तेयोने मेणबत्ती लावू दिली नाही. पुढे लहानसहान क्लबांतून तो बराच खेळला, चांगला खेळला. फक्त डाव्या हाताकडच्या खालच्या कोपऱ्यातला चेंडू त्याला जन्मात अडवता आला नाही. तिकडे झेप घेतली की चेंडू आत आणि तेयो बाहेर. शेवटी गुडघ्याने राम म्हटला आणि तो बायकोला, एदुविगेसला, घेऊन गावी परतला. एदुविगेसने मैदानाच्या उत्तरेकडच्या गोलजाळीमागे पोसोलेचा गाडा टाकला. मक्याचे टपोरे दाणे आणि डुकराचं मटण घातलेला तिचा लाल रस्सा प्यायला लोक सामना नसला तरी यायचे. तेयो ‘कुंभार’चा मास्तर झाला.

मास्तर म्हणून त्याने पहिल्या हंगामात एकच गोष्ट शिकवली: गोल खायचा नाही. पोरं इतकी मन लावून शिकली की सामन्यामागून सामना शून्य-शून्य सुटू लागला. क्लबाचे अध्यक्ष डॉन फुल्खेन्सिओ हे भट्टीचे मालक, मोजकं बोलणारे. ते एकदा बाकाशी येऊन उभे राहिले.

“मास्तर, लोक हल्ली येताना उशी आणतात.”

“बसायला असेल, डॉन फुल्खेन्सिओ.”

“नाही. डोक्याखाली घ्यायला.”

हे तेयोच्या मनाला लागलं. घरी जेवताना त्याने एदुविगेसला विचारलं, “माझं काय चुकतंय?”

“तू जन्मभर एकाच टोकाला उभा राहिलास,” ती म्हणाली. “गोल होतात ते दुसऱ्या टोकाला. मी रोज तिथंच असते. तुझा तो नाबोर आहे ना, फॉरवर्ड, तो गोलसमोर आला की डोळे मिटतो. तुला दिसलंय कधी?”

तेयोला दिसलं नव्हतं. पुढच्या सामन्यापासून, समोरच्या संघाचा गोल उत्तरेला असला की तो बाक सोडून गाड्याशेजारी जाऊन उभा राहू लागला. गावच्या लीगमधले पंच पोसोले खाणारे होते, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. तिथून तो ओरडायचा, “नाबोर, डोळे.” नाबोर डोळे उघडायचा आणि गोल करायचा. उशा घरी राहिल्या. बघता बघता ‘कुंभार’ अंतिम सामन्यात पोचले. जिंकले तर वरच्या श्रेणीत. बरोबरी झाली तर गुणांवर पुढे असलेला शेजारचा ला एस्तान्सिया संघ जाणार.

सामना संपत आला तरी शून्य-शून्य. तेयो गाड्याशेजारून सरकत सरकत पार गोलच्या खांबापाशी आला होता. एवढ्यात नाबोर बचाव फोडून आत शिरला. समोरचा गोलकीपर पुढे धावला आणि घसरून पडला. गोल मोकळा. नाबोरने डोळे सताड उघडे ठेवून चेंडू कोपऱ्यात सारला. जमिनीलगत, तेयोच्या डाव्या हाताकडे.

मग काय झालं ते तेयोला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. दुखरा गुडघा, वाढलेलं पोट, सगळं घेऊन तो हवेत गेला आणि रेषेवर त्याने चेंडू छातीशी कवटाळला. गवतात पडल्या पडल्या त्याला एवढंच वाटलं, की अखेर जमलं. हा कोपरा अखेर जमला. तो सुखाने हसला. मग मैदानातली शांतता त्याच्या कानावर आली. मान वर केली तर नाबोर डोक्याला हात लावून त्याच्यासमोर उभा होता.

“मास्तर,” तो अगदी हळू म्हणाला, “तो आपला होता.”

पंचाने असलं काही पाहिलं नव्हतं. बराच विचार करून त्याने तेयोला लाल कार्ड दाखवलं आणि चेंडू ला एस्तान्सियाला दिला. सामना बरोबरीत सुटला. ला एस्तान्सियाचे लोक जाताना तेयोला खांद्यावर घ्यायला आले होते. एदुविगेसने रश्श्याचा डाव उगारून त्यांना पळवलं.

त्या रात्री तेयो जेवला नाही. सकाळी राजीनामा द्यायला भट्टीवर गेला.

“गाव मला तोंड दाखवू देणार नाही, डॉन फुल्खेन्सिओ.”

“गावाचं सोडा. शेजारच्या तीन गावांतून निरोप आलेत, पुढचा सामना कधी म्हणून. लोकांना तुम्हाला बघायचंय.” मालक भट्टीकडे वळले. “झेप मात्र झकास होती.”

नाबोर कितीतरी दिवस बोलला नाही. मग एका संध्याकाळी सरावाला आला आणि त्याने तेयोपुढे हातमोजे टाकले. “उभे राहा गोलमध्ये. अंधार पडेपर्यंत मी मारणार. हीच तुमची शिक्षा.” तेयो निमूट उभा राहिला. अशी शिक्षा भोगताना माणूस इतका खूश कधी कुणी पाहिला नसेल. आणि तेयोला चुकवून गोल करता करता नाबोरचा पाय असा बसला, की पुढच्या हंगामात त्याला कुठला गोलकीपर आवरेना.

पुन्हा अंतिम सामना आला. डॉन फुल्खेन्सिओ म्हणाले, मास्तरांना बाकाला बांधून ठेवा. एदुविगेस म्हणाली, त्याची गरज नाही. तिने पोसोलेचे दोन काठोकाठ भरलेले वाडगे तेयोच्या दोन हातांत दिले.

“सांडलंस तर बघ,” ती म्हणाली.

तेयो सबंध सामना वाडगे सांभाळत उभा राहिला. नाबोरने मारलेला चेंडू त्याच कोपऱ्याकडे आला तेव्हा त्याचा गुडघा वाकला, खांदा हलला. पण हात जागचे हलले नाहीत. चेंडू जाळीत गेला आणि कडेचा पंच रश्श्याने लाल झाला. कारण गोल झाल्यावर मात्र मास्तरला हात उंचावल्यावाचून राहवलं नाही.

“वाडगे तरी फुटले नाहीत ना?” एदुविगेसने विचारलं.

तेयोने दोन्ही हातांतले रिकामे, धड वाडगे वर करून दाखवले. ती कमरेचा फडका सोडून पंचाला पुसायला धावली.