गाणारा तोंड उघडायच्या आत

अंकल बोट वर करायचे. आपलं वाक्य अर्ध्यावर असलं तरी त्यांचं बोट वर गेलं की गप्प बसायचं. मग ते हसून म्हणायचे, "सिंगर ओपन माउथ, यू क्लोज माउथ."

सिंगापूरमधल्या आंग मो किओच्या ब्लॉकमध्ये ते माझे शेजारी होते. विमा कंपनीतून रिटायर झालेले, एकटे राहणारे. संध्याकाळी दारापुढच्या कॉरिडॉरमध्ये खुर्ची टाकून कॅसेट लावायचे. त्यांच्या तरुणपणी रेडिओवर अमेरिकन गाण्यांचे कार्यक्रम लागायचे, शेवटच्या नंबरापासून पहिल्यापर्यंत चढत जाणारे. ते त्यांनी रेकॉर्ड केले होते, पण गाणी सोडून. सुरुवातीची नुसती वाद्यं आणि त्यांवर निवेदकाचं, गाणं सुरू व्हायच्या आत नेमकं संपणारं बोलणं ठेवायचं, गाणारा गायला लागला की बटण बंद.

"सॉंग कॅन बाय," ते म्हणायचे. "टॉकिंग वेअर टू बाय?"

टीव्हीवरच्या अमेरिकन नाचगाण्यांच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक केस चापूनचोपून बसवून यायचा, म्हणून हेही कॅसेट लावण्याआधी केस विंचरायचे. विंचरण्याजोगे फारसे उरले नव्हते, ती गोष्ट वेगळी.

मी तेव्हा नुकतीच पुण्याहून आले होते. वन-नॉर्थ भागातल्या नोकरीचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं, काम चांगलं आहे, पण मीटिंगमध्ये तुझा मुद्दा काही येत नाही. पुढच्या प्रेझेंटेशननंतर ठरवू. नोकरी गेली की इथे राहण्याचा पास गेला, आणि पास गेला की बॅग भरायची.

तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडे नमनालाच घडाभर तेल. आधी आभार, मग पार्श्वभूमी, मग चुकलं तर सांभाळून घ्या, आणि मग जमलंच तर मुद्दा. अंकलना ही अडचण सांगतानाही मी कॉलेजपासून सुरुवात केली. बोट वर गेलं.

दुसऱ्या दिवसापासून ऑफिसहून आले की कॉरिडॉरमध्ये शिकवणी. माझ्यासाठी ते अख्खी गाणी लावायचे. वाद्यं वाजताहेत तोवर मी माझा मुद्दा सांगून संपवायचा. पहिल्या दिवशी मी "गुड आफ्टरनून एव्हरीवन, फर्स्ट ऑफ ऑल" इथवर पोचले आणि बाई गायला लागली.

"सॉरी, अंकल."

"सॉरी ऑल्सो टेक टाइम, गर्ल."

प्रेझेंटेशनच्या दिवशी मी मनातल्या मनात गिटार सुरू केली, मुद्दा सांगितला आणि थांबले. अजून काही येईल म्हणून मॅनेजर थोडा वेळ वाट बघत राहिला. मग म्हणाला, "ओके, क्लिअर." नोकरी राहिली. आज जे काही आहे ते त्या कॉरिडॉरमुळे आहे, असं मी मनापासून मानते.

त्या संध्याकाळी मी शिरा घेऊन गेले. "टू स्वीट ला," म्हणत त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. मी विचारलं, तुम्ही निवेदक का नाही झालात? म्हणाले, ऑडिशन दिली होती, नापास झालो.

"का?"

"सिंगर ओपन माउथ," ते चमचा चाटत म्हणाले, "आय स्टिल टॉकिंग."

या वर्षी अंकल गेले. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, दुखवट्यासाठी टेबलं-खुर्च्या मांडल्या होत्या, शेजारीपाजारी बसले होते. त्यांची मुलगी मला म्हणाली, "पपा नेहमी तुझं सांगायचे. दोन शब्द बोलशील?" तिने फोनवर त्यांचं आवडतं गाणं लावलं. त्याची सुरुवात मला पाठ होती.

मी उठले. मला फक्त आभार मानायचे होते. पण शिरा आठवला, कंगवा आठवला, ते चमचा चाटणं आठवलं आणि मी एकेक सांगत सुटले. वाद्यं संपली, बाई गायला लागली, आणि मी बोलतच होते.

कोणी बोट वर केलं नाही.