वरच्या मजल्यावरचा गेम

काही वर्षं मी किंचाळण्याचं काम केलं. नाटकात तर केलंच, पण नाटकाबाहेरही. नाट्यशास्त्र शिकत असताना मला ज्युनिअर असलेल्या एकानं सिडकोत छोटासा स्टुडिओ टाकला होता. दुकानाचा गाळा, आतून सगळीकडं फोम चिकटवलेला. रेकॉर्डिंग चालू असलं की पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. पुण्याच्या एका कंपनीकडून त्याला व्हिडिओ गेमसाठी आवाज पुरवायचं काम मिळायचं. धापा टाकणं, उंचावरून पडणं, गोळी लागल्यावर विव्हळणं. शब्द नसायचे, त्यामुळं भाषेची अडचण नव्हती. "ताई, आपल्या मराठवाड्यातल्या बाईचा श्वास अमेरिकेतल्या बाईला फिट बसतो," असं तो हसत म्हणायचा.

मला ते काम आवडायचं. चाळिशी ओलांडलेल्या नटीला नाटकात आईचीच कामं मिळतात, तीही पदर डोळ्याला लावण्याची. इथं निदान भिंतीवरून उडी मारायला मिळायची.

एक दिवस त्यानं मला लॅपटॉपवर नवा तुकडा दाखवला. एक स्वयंपाकघर. ओट्याला पाठ लावून उभी असलेली बाई. चित्र इतकं खरं की तिच्या वरच्या ओठावरचा घाम दिसत होता. समोरून दोन हात येतात. ते खेळणाऱ्याचे हात. ते तिचा गळा धरतात. ती विनवते, हात ओरबाडते, पाय झाडते, आणि हे बराच वेळ चालतं.

"विनवण्या तिकडं इंग्लिशमध्ये दुसरी कुणी करणार आहे," तो म्हणाला. "आपल्याकडून फक्त श्वास आणि किंचाळी पाहिजे. नाटकी नको म्हणलेत. एकदम खरं पाहिजे."

मी विचारलं, "खेळणाऱ्यानं मध्येच सोडून दिलं तर?"

"म्हणजे?"

"ती हातापाया पडतेय. त्याला वाटलं, नको, जाऊ दे. मग काय होतं?"

"सोडता नाय येत ताई. बटण दाबून धरलं नाय तर गेम पुढंच जात नाय. तिथंच अडकतो."

माझं डोकं फिरलं. "म्हणजे दया आली की हरला?"

"तुम्ही पण काय! आपण नाटकात खून केले नाहीत का? तुम्ही स्वतः स्टेजवर नवऱ्याला विष घातलंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"वाजवल्या ना. पण त्याच्यानंतर अख्खा अंक मला ते पाप घेऊन लोकांसमोर उभं राहावं लागायचं. बघणाऱ्यालाही बसून राहावं लागायचं. शाबासकी म्हणून पुढची लेव्हल नाही दिली मला कुणी."

"लोकांना कळतं हो, खरं काय आणि खोटं काय."

"कळतं तर मग इतकं खरं कशाला पाहिजे त्यांना?"

तो तुकडा मी केला नाही. त्याला म्हटलं, दुसरी कुणी बघ. पर्स उचलली आणि रिक्षा करून गारखेड्याला घरी आले.

घरी माझ्याबरोबर माझी भाची राहते. बहीण सोयगावला असते, पोरगी इथं इंजिनिअरिंगला. ती गेम खेळते. रोज खेळते, माणसं मारण्याचेच खेळते, आणि अभ्यासातही पुढं आहे. मी आल्या आल्या तिच्यावरच घसरले.

"तुम्हाला असलं बघून काहीच वाटत नाही?"

तिनं कानावरचे हेडफोन काढले आणि शांतपणे म्हणाली, "मावशी, वाटतं. काही गेम मी अर्ध्यात सोडलेत. पण तू पोह्यांवर कोथिंबीर टाकता टाकता बातम्यांमध्ये खरे मुडदे बघतेस, ते?"

मला तेव्हा राग आला, कारण ते खरं होतं. आमचं त्या दिवशी भांडण झालं आणि वरण करपलं.

त्याच सुमाराला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या. 'दुसऱ्या मजल्यावरून गेमचे आवाज येतात. गोळीबार, बायकांच्या किंकाळ्या. लहान मुलं घाबरतात.' दुसरा मजला म्हणजे आम्ही. बिल्डिंगमध्ये गेम खेळणारी पोरगी एकच, हे सगळ्यांना माहीत. अध्यक्ष काका एका संध्याकाळी दारात येऊन उभे राहिले. निवृत्त माणूस, पांढरे कपडे, बोलणं गोड.

"मुलीच्या जातीनं असले खेळ खेळावेत, हे काही बरं दिसत नाही बघा."

भाची म्हणाली, "काका, मी हेडफोन लावते. आवाज बाहेर येतच नाही."

"मग काय आम्हाला भास होतात का बाळा?"

मी म्हटलं, "काका, ती खोटं बोलत नाही. आवाज मलाही येतो. न्हाणीघराच्या डक्टमधून येतो. वरून येत असेल."

"वर कोण आहे? वर तर नवराबायको दोघंच. त्यांच्यात मूलबाळसुद्धा नाही." असं म्हणून काका हसले. काकांचं ते हसणं मला अजून सहन होत नाही. जाताना भाचीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अभ्यास कर."

वरच्या घरातला माणूस वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर होता. सकाळी कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा असायचा, कपाळाला गंध, भेटला की "नमस्कार ताई". त्याची बायको पिशोरकडची. कमी बोलायची. जिन्यात भेटली की आधी ती बाजूला व्हायची आणि मगच हसायची. मी तिला वहिनी म्हणायचे. त्यापलीकडं आमची ओळख नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, घराघरांत कुकरच्या शिट्ट्या होण्याच्या वेळेला, वर तो आवाज पुन्हा सुरू झाला. गोळीबार, स्फोट, इंग्लिशमधली आरडाओरड. त्यात एक बाई किंचाळली. भाची माझ्यासमोर भाजी निवडत बसलेली. तिनं माझ्याकडं बघितलं. "बघ, मी खेळतेय का?" असं ती म्हणायला लागली, तेवढ्यात दुसऱ्यांदा किंकाळी आली आणि मी उठले.

गेममधली किंकाळी मी स्वतः कितीदा दिलेली. ती सुरू होते, चढते आणि शेवटपर्यंत जाते. शेवट नीट आला नाही तर पुन्हा घ्यावी लागते. ही किंकाळी निघाली आणि मध्येच गिळली गेली. शेजारी ऐकतील या लाजेनं बाईनं स्वतःच ती गिळली होती. आणि त्याच्यानंतर जो आवाज आला तो गळ्यातून नव्हता, फक्त हवेचा होता.

मी पायऱ्या कशा चढले आठवत नाही. वरच्या मजल्यावर समोरच्या घराचं दार अर्धवट उघडं होतं. आतल्या बाई म्हणाल्या, "अहो, गेम चालू आहे तुमच्या पोरीचा. रोजचंच आहे." ती पोरगी माझ्या मागं चप्पल न घालता उभी होती.

मी दार बडवायला लागले. बराच वेळ कुणी उघडलं नाही. मग टीव्हीचा आवाज एकदम कमी झाला आणि त्यानं दार उघडलं. कंपनीचा शर्ट अंगात, बाह्या दुमडलेल्या, श्वास लागलेला.

"सॉरी ताई. गेम चालू होता. आवाज कमी केला."

"वहिनींना बोलवा."

"ती आंघोळीला गेलीय."

"मी थांबते."

तो दार लावायला लागला. मी चौकटीत पाय घातला. आणि ज्या आवाजानं शेवटच्या रांगेतला माणूस हलतो, त्या आवाजात ओरडले, "वहिनी! बाहेर या!"

खालच्या-वरच्या दारांच्या कड्या वाजल्या. तो म्हणाला, "ताई, तमाशा नका करू." मी पुन्हा ओरडले. ती स्वयंपाकघरातून आली. त्या उकाड्यात पदर गळ्याभोवती गुंडाळलेला. त्याच्याकडं न बघता भिंतीच्या कडेनं चालत आली आणि माझा हात धरला.

माझ्या घरी आल्यावर तिनं पदर काढला. गळ्यावर बोटं उठली होती. भाचीनं पाणी दिलं, ते तिला गिळता येईना.

ती घोगऱ्या आवाजात बोलली. "ते आधी मोबाईलवरून टीव्हीवर गेमचा व्हिडिओ लावतात. कुणीतरी खेळलेला. आवाज लई वाढवतात. गोळ्या सुरू झाल्या की मला समजतं."

"खेळतात का ते?" भाचीनं विचारलं.

"नाय गं. त्यांना कुठं येतंय खेळायला." मग तिच्याकडं बघून म्हणाली, "मला वाटायचं, आवाज कमी करा म्हणायला तरी कुणी वर येईल. पण लोक खाली तुझ्यावरच ओरडायचे. ते ऐकून हे हसायचे."

मी न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून भिंतीवर मुठी आपटल्या. या माणसानं अख्ख्या बिल्डिंगला ओळखलं होतं. गेमच्या नावानं बोंबलायला लोक तयारच बसलेत, त्यात आपल्या बायकोचा आवाज बुडून जाईल, याची त्याला खात्री होती. आणि तो बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ पिशोरहून आला. मला भीती होती, तो 'जुळवून घे' म्हणेल. पण त्यानं बहिणीचा गळा बघितला, खुर्चीवर बसला, उठला आणि म्हणाला, "चल, आधी तक्रार. मग गाव." आम्ही तिघीही त्याच्याबरोबर पोलीस चौकीत गेलो. तक्रार लिहून घेतली गेली, दवाखान्यात तपासणी झाली. संध्याकाळी ती भावाबरोबर गेली.

पुढच्या रविवारी अध्यक्षांनी पार्किंगमध्ये सभा बोलावली. मला वाटलं, उशिरा का होईना, या लोकांना लाज वाटली. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, चहाचा थर्मास. काका उभे राहिले आणि बोलायला लागले ते मोबाईल गेमवर. नवी पिढी, संस्कार, हिंसेची सवय, मुलांच्या मनावरचे परिणाम. ठराव असा की बिल्डिंगमध्ये हिंसक गेम खेळायला बंदी. आणि पहिल्याच रांगेत तो माणूस बसलेला. गंध लावून. बाकीचे माना डोलवत होते, त्यांच्याबरोबर तोही डोलवत होता.

"माझं तर म्हणणं आहे," तो म्हणाला, "असले गेम सरकारनंच बंद करावेत."

बाकीच्यांनी पुन्हा माना डोलावल्या. एका माणसानं तर "बरोबर आहे" म्हटलं.

मी उठले. माझा आवाज फाटला, तो मी फाटू दिला. "ज्या माणसानं गेल्या आठवड्यात बायकोचा गळा आवळला, त्याला तुम्ही गेमबद्दल मत विचारताय? इथल्या प्रत्येकानं तिची किंकाळी ऐकलीय. ग्रुपवर लिहिलंयत तुम्ही. तारीख-वेळ सगळं तुमच्याच मोबाईलमध्ये आहे."

काका म्हणाले, "ताई, तो त्यांच्या घरातला मामला आहे. विषय गेमचा चाललाय."

"गेमचा राग तुमच्यापेक्षा मला जास्त आहे काका. त्यात बायकांना कसं मारतात ते मी जवळून बघितलंय, आणि ते काम मी नाकारलंय. पण माझ्या रागाच्या आडून हा माणूस सुटणार असेल, तर ते मी होऊ देणार नाही."

भाचीही उठली. ती घाबरली होती, दुपट्ट्याचं टोक पिळत होती. "मी रोज गेम खेळते. तुम्ही सगळे मला बोललात. त्यांनी एकही गेम खेळलेला नाही. आता मला कुणीतरी सॉरी म्हणा."

कुणी म्हणालं नाही. तो माणूस खुर्ची मागं सारून जिन्याकडं गेला. ठराव मंजूर झाला, बहुमतानं. विरोधात आम्ही दोघीच.

स्टुडिओतल्या ज्युनिअरला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तो तुकडा दुसऱ्या मुलीनं केला ताई. खूप छान केला." मी फोन ठेवला. त्याच्याकडं पुन्हा गेले नाही. त्याच्यावर माझा राग आहे, आणि तो वाईट माणूस नाही, हेही मला माहीत आहे. गेममुळं माणसं बिघडतात का, यावर लोक मला अजून विचारतात, कारण मी त्या धंद्यात होते. मला ठाम सांगता येत नाही. वरच्या माणसाला गेमनं बिघडवलं नव्हतं. पण बाईचा गळा आवळला जाण्याचा आवाज आपल्या घरांत इतका ओळखीचा झालाय की तो ऐकून कुणी उठत नाही, आणि तो तसा व्हायला नुसत्या गेमच्या कंपन्याच जबाबदार आहेत असंही नाही.

दिवाळीच्या आधी वहिनी सामान न्यायला आल्या. बरोबर भाऊ आणि टेम्पो. नवरा आधी ठरल्याप्रमाणं कुलूप न लावताच कामाला गेला होता. केस चालू आहे, गावातल्या बाजारात त्या ब्लाउज शिवून देतात, असं सांगत होत्या. आवाज आता नीट झाला होता. त्यांना फक्त शिलाई मशीन, कपड्यांची पेटी आणि आईनं दिलेली भांडी हवी होती. मशीन जड होतं. भाऊ आणि मी एका बाजूनं, वहिनी आणि भाची दुसऱ्या बाजूनं, असं आम्ही ते जिन्यातून खाली आणत होतो.

पहिल्या मजल्यावर काकांनी दार उघडलं. क्षणभर मला वाटलं, ते हात लावतील.

"जरा जपून," ते म्हणाले, "भिंतीला घासू नका. कालच रंग झालाय."

वहिनी थांबल्या. मशीन त्यांनी आपल्या बाजूनं पायरीवर टेकवलं, श्वास घेतला, काकांकडं नीट बघितलं. मग आम्हाला म्हणाल्या, "उचला."