डावा कान

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, माथाडी टोळीतल्या जिवाभावाच्या माणसांना तर नाहीच. एकदा तोंडातून बाहेर पडलं होतं — पण ते सांगितलं, असं मी धरत नाही. का धरत नाही, ते येईल पुढे. मला जरा वळसे घेत यायची सवय आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आणि बसायचं तर माझ्या उजव्या बाजूला बसा. सगळेच बसतात. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, हे कोपरखैरण्यात आमच्या घरांच्या ओळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांना ते आधीच सांगून टाकलं होतं. मागाहून फसवणूक झाली असं नको, असं आण्णा म्हणाले होते.

फसवणूक!

आण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. आण्णा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते — ट्रकमधली गोणी पाठीवर घ्यायची, गाळ्यात नेऊन थप्पी लावायची, आयुष्यभर तेच. आमच्या गावाकडे एक रीत होती. घरात दोन मुलगे असले की एक फौजेत जायचा. का, कशासाठी, असं कुणी विचारत नव्हतं. ज्या घरातून कुणी गेला नाही त्या घराकडे गाव जरा खालच्या नजरेने बघायचं, एवढंच. मुंबईत आल्यावर त्या रितीला आणखी एक टोक जोडलं गेलं. दुसऱ्या मुलाने बापाची टोळीतली जागा घ्यायची. थोरला फौजेत, धाकटा टोळीत. थोरला मी. धाकटा विलास — आमचा विल्या.

विल्याला टोळीचं दुःख नव्हतं. उलट ते त्याच्या पथ्यावरच पडणार होतं. मार्केटातलं काम दुपारपर्यंत आटोपतं, संध्याकाळ मोकळी मिळते, आणि विल्याला संध्याकाळच हवी होती. तो पखवाज वाजवायचा. आमच्या इथल्या भजनी मंडळात मिसरूड फुटायच्या आधीपासून तो साथीला बसायचा. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावून, तोंडाजवळ कान नेऊन, हातोडीने वादीखालचा एकेक लाकडी गठ्ठा ठोकत तो सूर लावायचा तेव्हा आम्ही त्याची टिंगल करायचो की हा पखवाजाच्या कानात काहीतरी गुपित सांगतोय. ठाण्याच्या एका बुवांनी त्याला शिकवायचं कबूल केलं होतं. आण्णांच्या लेखी हे सगळं फावल्या वेळचं.

आणि मी? मी फौजी होतो. भरती व्हायच्या आधीच. नव्वदच्या सुमारास, बारावी झाल्यापासून मी रोज सकाळी खाडीच्या कडेने बोनकोड्यापर्यंत पळायचो, आणि येताजाता लोक हाक मारायचे, काय फौजी! घरात दूध यायचं ते मला, अंडं उकडायचं ते मला. विल्या समोर बसून चहात बटर बुडवायचा. त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. पळताना माझा शर्ट आणि चपला धरून कठड्यावर तोच बसलेला असायचा.

मला ते सगळं आवडायचं. हे लपवण्यात काय अर्थ आहे? फौजी म्हणवून घ्यायला, अंडी खायला, नातेवाइकांच्या पोरींसमोर छाती फुगवून फिरायला आवडायचं. फक्त फौजेत जायचं नव्हतं. गावात आमच्या घरासमोर एक घर होतं. तिथला मुलगा गेला होता आणि त्याची काळी पत्र्याची ट्रंक तेवढी परत आली होती. त्याची आई ती ट्रंक ओसरीवर ठेवून रोज पदराने पुसायची. ती पुसणारी बाई मी लहानपणी पाहिली, आणि तेव्हापासून ती ट्रंक माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाही. पण हे बोलायचं कुणाशी? एकदा जरी मी आण्णांना म्हणालो असतो की मला भीती वाटते, तर काय झालं असतं? शिव्या बसल्या असत्या. फार तर एक कानफटात. त्याच्यापलीकडे काही नाही. पण तेवढंही माझ्याच्याने झालं नाही.

आण्णांनी तर भरतीच्या आधीच ट्रंक आणली. तशीच, काळी. मार्केटात गाळ्यांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडून तिच्यावर पांढऱ्या रंगात माझं नाव घालून घेतलं. अजून कशात काही नाही आणि ट्रंकेवर नाव! टोळीतले लोक ती बघायला घरी आले. आईने सगळ्यांना चहा केला, आणि त्या ट्रंकेलाही हळदकुंकू लावलं.

साताऱ्याच्या मैदानावर मी पळालो. चांगला पळालो — पाय सवयीने पळतात, त्यांना कुठे भीती कळते? खड्डा पार केला, छाती भरली. मग मेडिकल. एकेकाला आत घेत होते. माझ्या पुढचा पोरगा माण तालुक्यातला होता, त्याला रंग ओळखता येईनात म्हणून काढला. तो बाहेर येऊन भिंतीला डोकं टेकून हमसून रडला. त्याच्याकडे बघून मला काय वाटलं असेल? हेवा वाटला.

कान तपासायची त्यांची एक पद्धत होती. आपण पाठ करून उभं राहायचं, एक कान बोटाने बंद करायचा, आणि डॉक्टर मागे लांब उभा राहून हलक्या आवाजात एखादा आकडा म्हणायचा. तो आपण मोठ्याने म्हणायचा. उजव्या कानाचा मी म्हटला. मग डावा. मागून आवाज आला. मला अगदी स्वच्छ ऐकू आला.

मी गप्प राहिलो.

तो पुन्हा म्हणाला, जरा जवळ येऊन. मी गप्प. समोर भिंतीवर एक पाल होती, मी तिच्याकडे बघत होतो. डॉक्टरने कानात बॅटरी लावून पाहिलं, काही दिसेना, तेव्हा त्याने मला विचारलं, लहानपणी कान फुटला होता का? मी म्हणालो, हो साहेब. झालं. इतकं सोपं होतं ते. मोठ्या दवाखान्यात जाऊन पुन्हा तपासून घ्यायला मुदत होती. आण्णा मागे लागले, मी सोबत येतो म्हणाले. मी म्हणालो, उपयोग नाही आण्णा, मला ते आधीपासून जाणवत होतं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

बघा, खोटं बोलायचं तर वर आणि पुत्रधर्माचा मुलामा.

तर, माझा डावा कान ठणठणीत आहे. तेव्हाही होता, आजही आहे.

तुम्हाला वाटेल, एवढंच? एक घाबरट पोरगा मेडिकलला खोटं बोलला, भरतीच्या रांगेत असे कितीतरी असतील. मलाही बरीच वर्षं स्वतःला असंच सांगता आलं. पण हे नाही हो. हे मी कधीच सांगून मोकळा झालो असतो. मी वळसे घेतोय ते दुसऱ्याच गोष्टीभोवती.

मी बाद झालो आणि आठवडाभर घरात सुतक आल्यासारखं होतं. मग आण्णा एकदा जेवताना ताटातून मान वर न करता म्हणाले, “मग आता विलास जाईल. ह्यो टोळीत यील.” बस. एवढ्यावर ठरलं. पुढच्या भरतीला विल्या गेला आणि निवडला गेला. माझ्या चपला धरून बसता बसता तोही कधीतरी पळायला शिकला होता. त्याचे कान तर काय, विचारूच नका. डॉक्टर अजून लांब उभा राहिला असता तरी त्याला ऐकू गेलं असतं.

ट्रंकेवरचं माझं नाव काळ्या रंगाने पुसून त्यावर त्याचं घातलं. आडनाव तेच असल्यामुळे अर्धंच पुसावं लागलं. उजेडात धरली की खालचं माझं नाव दिसायचं.

त्याला निघायचं होतं त्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. शेजारच्या ओळीत कुणाची तरी हळद होती आणि कर्णा कोकलत होता. मी आमच्या दारात पायरीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होतो. विल्याला पावट्याची आमटी आवडायची, म्हणून आईने मुद्दाम मागवल्या होत्या. विल्या आला आणि माझ्या शेजारी बसला. डाव्या बाजूला.

तोवर घरात सगळ्यांना सवय झाली होती, सगळे उजवीकडून बोलायचे. त्यामुळे तो डाव्या बाजूला बसला तेव्हाच मला चमकायला हवं होतं. त्यानेही दोन शेंगा उचलल्या. रस्त्याकडे बघत, अगदी हलक्या आवाजात, माझ्याशी नव्हे, माझ्या त्या मेलेल्या कानाशी तो बोलायला लागला.

“दादा, मला नाय जायचं रे. मला लय भीती वाटते. आण्णांना मी नाय सांगू शकत. तू सांगितलंस तर ऐकतील ते. एकदा बोल ना त्यांच्याशी. मी दोघांचं काम करीन टोळीत, काय पण करीन. फक्त मला पाठवू नका.”

कर्ण्याच्या आवाजातही मला प्रत्येक शब्द ऐकू आला. शेवटी त्याचा आवाज फाटला तोही ऐकू आला.

काय करायचं होतं मी? मान वळवायची होती. नुसती मान वळवली असती तरी पुरे होतं. पण मान वळवली तर कान आला, कान आला तर मेडिकल आलं, आणि मग त्या ट्रंकेवर पुन्हा माझं नाव आलं. हे मी नंतर रचलेलं नाही, तिथल्या तिथे, एका शेंगेत जेवढे दाणे असतात तेवढे सोलेपर्यंत, हे सगळं माझ्या डोक्यात झालं. आणि मी सोलत राहिलो. हात थांबू दिले नाहीत.

तो थोडा वेळ बसला. मग उठून उजवीकडे आला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, “दादा, पखवाजाला उंदीर लागू देऊ नको. टांगून ठेव वर.” मी म्हणालो, ठेवतो.

हे आहे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी टोळीतल्या लोकांनी ट्रंक खांद्यावर घेऊन मिरवत नेली. मी मागे पिशवी घेऊन होतो. कुणीतरी मला धीर दिला — तुझा कान धड असता तर तूच गेला असतास, वाईट वाटून घेऊ नको. मी डोळे पुसले. पुसले, हो.

त्यानंतर मी आण्णांच्या जागी लागलो. बहिऱ्याचं सोंग एकदा घेतलं की ते रोज वठवावं लागतं. मागून ट्रक यायला लागला की लोक मला हाताला धरून ओढायचे. आणि डाव्या बाजूला बसून माझ्याबद्दल काय काय बोलायचे! आण्णा एकदा असेच मार्केटात आले होते तेव्हा मुकादमाला म्हणाले, “थोरला कानानं गेला, पन धाकट्यानं घर राखलं.” माझ्यापासून हातभर अंतरावर. मी गोणी उचलली आणि चालायला लागलो.

विल्याला तोफखान्यात घातलं. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा फौजेच्या कँटीनमधून कुणाकुणाला काय काय आणलं, आणि मला आणले कानात घालायचे थेंब. तिथल्या डॉक्टरला माझ्याबद्दल विचारून आणले होते. मी ते आठवडाभर सगळ्यांसमोर घालून घेतले. विल्याच मान तिरपी धरून घालायचा.

मग त्या दशकाच्या अखेरीस तो उन्हाळा आला, जेव्हा घराघरांत टीव्हीवर डोंगर आणि तोफा दिसत होत्या. विल्या तिथे होता. तो जिवंत आला. आईने नवस फेडले. पण कान घेऊन आला नाही. रात्रंदिवस तोफेजवळ उभं राहून डावा कान पार गेला होता आणि उजवाही निम्मा राहिला होता. मेडिकल बोर्डाने त्याला घरी पाठवलं. स्टेशनवर मला बघून तो ओरडूनच बोलला, आता तो सगळ्यांशीच ओरडून बोलतो, “दादा, आता आपली जोडी जमली! दोघांचे पण डावे कान गेले!” आणि हसला. सगळे हसले. मीही.

पखवाज मी टांगून ठेवला होता, उंदीर लागू दिला नव्हता. त्याने तो खाली काढला, कणीक मागितली, तोंडाजवळ कान नेला. हातोडीने ठोकत राहिला. मग दुसरा कान नेला. मी दारात उभा राहून बघत होतो. थोड्या वेळाने त्याने कणीक खरवडून काढली, पखवाज पुसला आणि पुन्हा वर टांगला. ठाण्याच्या बुवांचं नाव त्यानंतर त्याच्या तोंडून कधी निघालं नाही.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी तो त्याच पायरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसला होता. मी जाऊन शेजारी बसलो. डाव्या बाजूला. उजवीकडे बसायला जागा होती. आणि रस्त्याकडे बघत, हलक्या आवाजात, मी त्याला सगळं सांगितलं. मेडिकलचं सांगितलं. मग हेही सांगितलं की त्या दुपारी तू जे बोललास ते मी सगळं ऐकलं होतं, विल्या, एकूण एक शब्द.

त्याचा तो कान मेलेला आहे, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोललो. म्हणून ते सांगितलं असं मी धरत नाही.

त्या दिवशी गल्लीत कर्णा नव्हता, कुणाची हळद नव्हती, सगळीकडे शांत होतं. त्याचा उजवा कान निम्मा शाबूत आहे. त्याला काही ऐकू गेलं का, मला माहीत नाही. मी बोलत होतो तोवर तो शेंगा सोलत होता. त्याचे हात थांबले नाहीत.

माझेही थांबले नव्हते.